रंग देण्यापूर्वी

दिवाळी जवळ आली की आमच्या घाटंजीत दोन वास दरवळू लागतात. एक घरोघरच्या कढईतला आणि दुसरा भिंतींच्या रंगाचा. माझ्या लहानपणी हा दुसरा वास ओल्या चुन्याचा असे. वणीकडल्या राजूरच्या भट्ट्यांचा कळीचा चुना यायचा. तो रांजणात टाकून वर पाणी ओतले की सारे खदखदू लागे आणि आम्ही पोरे दूर उभे राहून, विस्तवाशिवाय पाणी उकळते कसे, याचे नवल करीत असू. त्यात निळीची पुडी पडायची, वाखाचा कुंचला भिजायचा आणि दोन दिवसांत घर पांढरेशुभ्र होऊन जायचे. आता रांजण गेला, कुंचला गेला. प्लास्टिक पेंटचे डबे आले. पण माणसाची घाई तीच आहे. लक्ष्मी उंबऱ्यात यायच्या आत भिंत उजळली पाहिजे!

गेल्या दिवाळीत ही घाई मलाही झाली होती. शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत. वेळेची वाण नाही. तरी काम अखेरच्या आठवड्यावर ढकलण्याची सवय काही सुटलेली नाही. घराच्या ओसरीला रंग द्यायचा होता. ही ओसरी 1990 साली बांधलेली. आधी तिथे सागवानी खांबांची, शेणाने सारवलेली जुनी ओसरी होती. ती पाडून सिमेंटचे खांब उभे केले, वर स्लॅब टाकला, तेव्हा आळीतली माणसे मुद्दाम पाहायला आली होती. त्यानंतर भिंतीवर काय काय चढले, ते मी सांगू शकतो. पहिल्यांदा चुना. मग धाकट्या भावाच्या लग्नात पिवळे डिस्टेंपर. मग पोरांचे हात लागून भिंत काळी होते म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत हिरवा ऑईलपेंट. आणि अगदी अलीकडे, साऱ्यावरून, गुलाबी प्लास्टिक पेंट. तो गुलाबी रंग आता जागोजाग फुगला होता. बोटाने दाबले की टरफलासारखा निघून यायचा.

रंगारी आला तो रिकाम्या हातांनी. वयाने माझ्यापेक्षा थोडा लहान, बोलायला अगदी कमी. त्याने भिंतीवरून तळहात फिरवला आणि माझ्यासमोर धरला. तळहात पांढरा झाला होता.

"गुरुजी, ही भिंत रंग धरणार नाई," तो म्हणाला.

"का? गेल्या खेपेला धरला की."

"धरला कुठं? हे पाहा ना. भितीवर पावडर हाये. आपण रंग भितीले नाई, पावडरीले लावला. पावडर गळाली, रंग गळाला."

"मग आता?"

"आता आधी खरवडा लागते."

"किती दिवस?"

"ते भितच सांगन."

मी थोडा चिडलोच. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि हा गृहस्थ भिंतीला विचारून सांगणार होता! पण दुसरा रंगारी मिळण्याची वेळ टळली होती. मी मान डोलावली आणि खुर्ची टाकून पाहत बसलो. पुढचे काही दिवस जे पाहिले, त्यावरच हे लिहीत आहे.

रंगाच्या कामात रंग देणे हा सर्वांत सोपा भाग आहे, हे मला त्या वयात प्रथम कळले. त्याने आधी लोखंडी पट्टीने फुगलेले सारे पोपडे काढले. चुन्याचा थर पिठासारखा खाली आला. जिथे लोणा फुटून पांढरी बुरशीसारखी लव आली होती, तिथे मी पाणी घेऊन धावलो, तर त्याने मला थांबवले. लोणा म्हणजे भिंतीतले मीठच. पाण्याने धुतला की विरघळून परत भिंतीत शिरतो आणि वाळला की पुन्हा वर येतो. म्हणून तो आधी कोरड्या ब्रशने झाडायचा, आणि मीठ वर आणणारी ओल कुठून येते ते शोधायचे. ओल तशीच ठेवून वरून कितीही भारी रंग दिला तरी एका पावसाळ्याचा धनी.

पण मला सर्वांत नवल वाटले ते हिरव्या ऑईलपेंटचे. तोही हा उचकटून काढणार, अशी माझी समजूत होती. त्याने पट्टीच्या टोकाने फुलीसारख्या बारीक रेघा ओढल्या, वर चिकटपट्टी दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली. रंगाचा कणही सुटला नाही. "हा पक्का हाये. याले काढाचं काम नाई. याची फक्त चमक मोडा लागते," असे म्हणून त्याने काचकागद पाण्यात बुडवला आणि तो गुळगुळीत हिरवा रंग घासून निस्तेज केला. चकचकीत पृष्ठावर नवा रंग पकड घेत नाही. त्याला थोडा खरखरीतपणा लागतो.

जे सुटले आहे ते काढायचे. जे घट्ट आहे ते ठेवायचे, मात्र त्याची चमक उतरवून. रंगाऱ्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत मावते. आणि मला वाटू लागले, माणसाने नव्याने सुरुवात करायची ठरवली तर त्याचेही शास्त्र यापेक्षा फारसे वेगळे नसावे.

आपण सणाला नवे होऊ पाहतो. अभ्यंगस्नान, नवे कपडे, नवी वही. जुने ते विसरून गोड बोलायचे, असे घरातली मोठी माणसे सांगतात. प्रश्न असा की, जुन्याचे काय करायचे? एक पंथ म्हणतो, झाका. झाकली मूठ सव्वा लाखाची! दुसरा पंथ म्हणतो, सारे खरवडून विटेपर्यंत जा. खोट्यावर उभे राहिलेले काहीच टिकत नाही. पहिला पंथ संसारी माणसांचा, दुसरा तत्त्वनिष्ठांचा. मी जन्मभर वर्गात दुसरा पंथ शिकवला आणि घरी पहिला पाळला.

पहिल्या पंथाची बाजू दुबळी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. भाकरी कमी पडली की "मला भूक नाही" म्हणणारी आई काहीतरी झाकतच असते. सासरी गांजलेली लेक माहेरी हसून बोलते, तेही झाकणेच. उद्या सगळ्यांनी सगळे उघडे करायचे ठरवले तर एकही घर दिवाळीपर्यंत टिकायचे नाही. आमच्या सौभाग्यवतीचे मत असेच आहे. ओसरीभर धूळ पाहून ती म्हणाली, "अहो, सणासुदीला हे कशाला उकरून काढलंत? एक हात मारून घ्यायचा होता. पाहुणे काय भिंती घासून पाहणार आहेत?"

पण चांगल्या हेतूने मारलेला हातही घातक ठरतो, याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अजिंठ्याची चित्रे हैदराबादच्या निजाम सरकारच्या ताब्यात होती. त्यांचे पोपडे सुटू लागले, म्हणून 1920 च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावण्यात आले. त्यांनी सुटणारे तुकडे काळजीपूर्वक बसवले, आणि चित्रांना रक्षण मिळावे म्हणून वरून लाखेच्या वार्निशचा हात दिला. हेतू निर्मळ होता, हात कसबी होते. पण शतकानुशतकांची धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण त्या थराखाली कोंडली गेली. वार्निश पुढे पिवळे पडले, आक्रसले, आणि आक्रसताना खालचा रंगही ओढू लागले. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रसायनज्ञांना तो थर उतरवण्यासाठी पुढे कित्येक वर्षे खपावे लागले. तेही तसू तसू, कारण वार्निशाबरोबर मूळ चित्रच निघून आले तर मग राखायचे काय? झाकणाऱ्याची चूक आणि खरवडणाऱ्याची भीती, दोन्ही त्या एका भिंतीवर पाहायला मिळतात.

आणि आमच्या वऱ्हाडाला तर याचा धडा देणारा माणूस फार जवळचा. गाडगेबाबा गावात यायचे ते हातात झाडू घेऊन. दिवसभर रस्ते, गटारे झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आधी झाडू, मग कीर्तन. हा क्रम त्यांनी उलटा केल्याचे कोणी सांगत नाही. गावाची घाण तशीच ठेवून वर देवाच्या नामाचा रंग चढवणे त्यांना मानवले नसते.

तिसऱ्या दिवशी रंगारी भेगांकडे वळला. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या घराला ती निवांत बसू देत नाही. वाघाडीकाठच्या या गावात बिनभेगेची भिंत शोधूनच काढावी लागेल. केसाएवढ्या त्या भेगेत तो लांबी दाबून भरील, असे मला वाटले. त्याने उलट छिन्नी घेतली आणि भेग आणखी रुंद केली, वरून उघडी, आत निमुळती. मी हळहळलो. तो म्हणाला, "बारीक भेगेत माल जातच नाई, गुरुजी. वरच्यावर बसते अन् निघून येते. भराची असन तर आधी उघडा लागते." बुजवण्यासाठी आधी वाढवायची! दुरावलेल्या माणसांशी बोलताना आपण नेमके हेच टाळतो. भेग मोठी दिसेल या भयाने तिच्यावर बोट फिरवून मोकळे होतो.

मात्र खरवडण्याचेही नियम आहेत. ऑईलपेंट घासताना तो काचकागद सारखा ओला करीत होता, नाकातोंडाला फडके बांधत होता, आणि माझ्या नातवंडांना ओसरीकडे फिरकू देत नव्हता. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असते. घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांवर जाऊ नये, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या भिंतींची हमी कोण देणार? हे विष भिंतीवर असते तोवर गप्प असते. कोरडे घासले की धूळ होऊन उडते आणि सर्वांत आधी लहान मुलांच्या पोटात जाते. सत्य सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपले मन हलके करण्यासाठी कोणाच्या अंगावर धूळ उडवतो आहोत, हे पाहिले पाहिजे. कोरडेपणाने सांगितलेले सत्य आणि ओलाव्याने सांगितलेले सत्य, शब्द तेच असले तरी परिणाम एक नसतो.

इथवर सारे विचार दुसऱ्यांविषयीचे होते आणि मी खुर्चीत मजेत होतो. चौथ्या दिवशी रंगाऱ्याला ओलीचे मूळ सापडले. स्लॅबच्या कोपऱ्यात त्याने हातोडीने ठोकले तर पोकळ आवाज आला. आणखी दोन ठोके, आणि हातभर काँक्रीट खाली पडले. आतली सळई गंजली होती. लोखंड गंजले की फुगते, आणि सावकाश वरचे काँक्रीट फोडून काढते. गच्चीवरच्या फटीतून पाणी झिरपत होते, सळई आत गंजत होती, आणि आम्ही खालून रंगावर रंग देत होतो.

"कोणत्या सालचा हाये हा स्लॅब?" त्याने विचारले.

"नव्वद सालचा," मी म्हणालो, आणि एकदम गप्प झालो.

वडील 1989 साली गेले. त्या हंगामात त्यांनी विकलेल्या कापसाचा राहिलेला चुकारा पुढच्या वर्षी हाती आला. साडेआठ हजार रुपये. आईने ते माझ्याकडे दिले आणि म्हणाली, "दोघं भाऊ वाटून घ्या." धाकटा तेव्हा नागपूरला खोली करून शिकत होता, संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहून फी भरत होता. मी त्याला त्यातला रुपयाही पाठवला नाही. मनाशी म्हटले, घर दोघांचे, ओसरी दोघांची. ते साडेआठ हजार या स्लॅबमध्ये गेले. आईला सांगितले, त्याचा वाटा त्याला दिला. त्याच वर्षी त्याने शिक्षण अर्ध्यावर सोडून नोकरी धरली. लोक हळहळले. मीही हळहळलो, आणि त्याच्या लग्नात ओसरीला हौसेने पिवळा रंग दिला.

त्यानंतर एकही दिवाळी अशी गेली नाही की तो बायकापोरांसह आला नाही. आमच्यात कधी वाकडा शब्द नाही. लोक आमचे उदाहरण देत. पण पैशाचा किंवा त्याच्या अर्धवट शिक्षणाचा विषय निघाला की मी उठून आत जात असे. मीठ भिंतीत असले की कुठून तरी फुटतेच.

रंगारी म्हणाला, सळई चारी बाजूंनी मोकळी करून चकचकीत होईपर्यंत घासावी लागेल, तिला गंजरोधक लावावे लागेल, मग माल भरायचा, त्यावर पाणी मारायचे. नवे सिमेंट चार आठवडे तरी सुकले पाहिजे. ओल्या सिमेंटमध्ये क्षार असतो. त्यावर ऑईलपेंट दिला तर रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग सुटून येतो. मी विचारले, "म्हणजे दिवाळी?" तो म्हणाला, "दिवाळी येते दरसालले."

तेव्हा गेल्या लक्ष्मीपूजनाला आमच्या पणत्या खरवडलेल्या, ठिगळलेल्या, चार रंगांच्या भिंतीपुढे लागल्या. धाकटा भाऊ आला होता. जेवणे झाल्यावर आम्ही दोघे ओसरीत बसलो. त्याने वर पाहून विचारले, "दादा, हे असं काय करून ठेवलंस?" आणि मी सांगितले. स्लॅबपासून सुरू केले आणि चुकाऱ्यापर्यंत गेलो. घर दोघांचे होते, मला पैशांची नड होती, यातले काही सांगायचे नाही, एवढे मी आधी ठरवले होते. चमक उतरवूनच बोलायचे होते.

तो रागावला असता तर बरे झाले असते. बराच वेळ त्याने पणतीकडे पाहिले. मग एवढेच विचारले, "आईला काय सांगितलं होतंस?"

"तुला दिले म्हणून."

"म्हणून ती मला विचारायची," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. बाबांच्या पैशाचं काय केलंस रे, म्हणायची. मला वाटायचं, वयामुळे भ्रमल्यासारखं बोलते. मी दोनदा तिच्यावर ओरडलो."

एवढे मला ठाऊक नव्हते. माझ्या एका थराखाली हा दुसरा थर असेल, अशी कल्पनाही आली नव्हती. पैशांचे पाकीट मी आणून ठेवले होते. ते झोपाळ्यावर तसेच राहिले. पाडव्याच्या सकाळी तो निघून गेला. भाऊबीजेला थांबला नाही. सौभाग्यवती मला काही बोलली नाही, आणि न बोलणेही किती ऐकू येते, ते मला कळले.

आता वाचकांनी मला विचारावे, काय मिळवलेस? झाकलेले होते तेच बरे नव्हते का? त्या हिवाळ्यात मी स्वतःला हेच रोज विचारत होतो. उत्तर म्हणून माझ्यापाशी फक्त ती गंजलेली सळई होती. ती दिसत नव्हती म्हणून थांबली नव्हती. अजून काही वर्षांनी स्लॅबच खाली आला असता, आणि त्याखाली तेव्हा कोण बसले असते, कोणास ठाऊक. काही गोष्टी झाकलेल्या बऱ्या, हे मला आजही पटते. ज्या घट्ट बसल्या आहेत, ज्यांच्यावर दुसऱ्याचे आयुष्य नीट उभे राहिले आहे, त्या उचकटू नयेत. पण जे आत गंजते आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पडणार आहे, ते झाकणे म्हणजे दया नव्हे. ती आपलीच सोय असते.

संक्रांत होऊन गेली आणि एके दिवशी त्याचा फोन आला. तिळगुळाचे बोलला नाही. म्हणाला, "भिंत वाळली का?"

"वाळली."

"रंग दिलास?"

"नाही अजून."

"मग थांब. मी आल्यावर देऊ."

गुढीपाडव्याच्या आधी तो आला. रंगाऱ्याने रात्री भिंतीला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटवून ठेवला होता. सकाळी तो काढला तर आत पाण्याचा थेंब नव्हता. धाकट्याने भिंतीवरून तळहात फिरवला, उलटा करून पाहिला. तळहात स्वच्छ होता. मग बाह्या सारून त्याने स्वतःच प्रायमरचा डबा उघडला.

आईविषयी आम्ही अजून बोललेलो नाही. त्या जागेला जास्त दिवस लागतील. यंदाच्या दिवाळीला तो येणार आहे. भाऊबीज करूनच जाईन, असे त्याने कळवले आहे.